पाहुणी स्लाइड

पहिली खुर्ची दारातून नाही, काचेतून आत आली. वेटिंग हॉलमधली निळी प्लास्टिकची खुर्ची तेजश्रीच्या लॅबमधल्या टेबलावर आदळली आणि कीबोर्डला सोबत घेऊन जमिनीवर गेली. काचेचे तुकडे तिच्या केसांत, मांडीवर, अर्ध्या राहिलेल्या चहात पडले. कपाळावरून काहीतरी गरम ओघळू लागलं. तिने ते पुसलंही नाही. ती समोरच्या संगणकाच्या पडद्याकडेच बघत होती, कारण पडद्यावर जे होतं ते खुर्चीपेक्षा जोरात लागलं होतं.

बाहेर तालमीतले पंधरा-वीस गडी हॉस्पिटल फोडत होते. औषधांच्या दुकानाचं शटर त्यांनी उपटलं, पाण्याचा कूलर लाथेने आडवा केला. वजनाचा काटा उचलून एकाने टीव्हीत फेकला. रिसेप्शनच्या शोभाताई काउंटरखाली शिरल्या होत्या आणि तिथून मोठमोठ्याने णमोकार मंत्र म्हणत होत्या. वॉचमन मागच्या फाटकाने केव्हाच पसार झाला होता. पहारा करायचा पगार मिळतो, मार खायचा मिळत नाही, एवढा हिशोब त्याला येत होता.

गडी उगाच आले नव्हते. कृष्णाकाठच्या त्या गावात महादेव वस्ताद खराड्यांना कोण ओळखत नव्हतं! त्यांची बायको सुवर्णा त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर, ऑपरेशनच्या टेबलावर गेली. गळ्यातली थायरॉइडची गाठ श्वासनळीत घुसली होती. तेजश्रीचा नवरा डॉ. वर्धमान शिरगुप्पे याने जिवाचं रान केलं, पण रक्त थांबलं नाही. याच गाठीत आधी दोनदा सुई घालून झाली होती, आणि दोन्ही वेळा रिपोर्ट आला होता: साधी गाठ, काळजीचं कारण नाही. दोन्ही रिपोर्टांखाली सही होती डॉ. तेजश्री शिरगुप्पे यांची.

आता ही भानगड कळायची तर थोडं मागं जायला हवं.

गळ्याच्या गाठीत बारीक सुई घालतात, चार थेंब ओढतात, स्लाइडवर पसरतात आणि पेशी बघतात. बघणारी व्यक्ती त्या स्लाइडला सहापैकी एका खणात टाकते. दुसरा खण म्हणजे साधी गाठ. सहावा म्हणजे कॅन्सर. या दोघांत चूक फारशी होत नाही. खरी पंचाईत मधल्या तिसऱ्या-चौथ्या खणांची. तिथे पेशी धड साध्याही नसतात आणि धड वाईटही नसतात. तीच स्लाइड त्याच डॉक्टरला सहा महिन्यांनी दाखवली, तर ती तिसऱ्यातून दुसऱ्यात किंवा चौथ्यात जाऊ शकते. यात डॉक्टर लबाड असतो असं नाही, स्लाइडच तशी असते. पण चौथा खण लिहिला की गळ्यावर सुरी चालते, दुसरा लिहिला की पेशंट घरी जातो. ज्याचा गळा असतो त्याला हे तत्त्वज्ञान ऐकवून भागत नाही.

मग काही वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात एकाच बाईच्या गाठीवर दोन लॅबनी दोन उत्तरं दिली. नातेवाइकांनी पक्षपात केला नाही, दोन्ही डॉक्टरांना सारखंच बदडलं. एकाचा डोळा गेला. विधानसभेत आरडाओरडा झाला. डॉक्टरचं डॉक्टरशी जमत नाही ते राहू द्या, निदान एकाचं स्वतःशी तरी जमतं का ते मोजा, असं ठरलं, आणि ‘पडताळा’ आला.

पडताळा हे यंत्र दिसायला मुकं होतं. लॅबमधली प्रत्येक स्लाइड ते स्कॅन करी आणि डॉक्टरच्या पडद्यावर टाकी. नाव नाही, वय नाही, जुना रिपोर्ट नाही, नुसता एक क्रमांक. मधूनच ते त्याच डॉक्टरची जुनी स्लाइड नवीन म्हणून पुढे सरकवी. कधी फिरवून, कधी आरशात उलटल्यासारखी, कधी रंग बदलून, कधी भलताच कोपरा कापून. डॉक्टरचं नवं उत्तर जुन्याशी जुळलं की गुण मिळे, नाही जुळलं की कापला जाई. त्यातून निघे तो सातत्यांक. तो हॉस्पिटलच्या दर्शनी भागात लाल दिव्यांच्या आकड्यात लावणं कायद्याने सक्तीचं होतं. डॉक्टर मंडळींत त्या छुप्या परीक्षेच्या स्लाइडला ‘पाहुणी’ म्हणत. आज दोन पाहुण्या येऊन गेल्या, असं जेवताना एकमेकांना सांगत.

दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ रोज दहाच मिनिटं मागे असतं. सातत्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण हे कायदा करणाऱ्यांना सांगणार कोण?

तेजश्रीचा पहिला आकडा आला एक्क्याऐंशी. ती प्रामाणिकपणे बघे, प्रामाणिकपणे घुटमळे, आणि प्रामाणिकपणे मत बदले. लोक हॉलमध्ये येत, लाल आकडा बघत आणि सांगलीची बस पकडत. वर्धमानची ऑपरेशनं निम्म्यावर आली. तो कधी टाकून बोलला नाही. एका रात्री जेवताना एवढंच म्हणाला होता, “तेजू, तू इतकी डगमगतेस कशाला? तुझा डोळा चांगला आहे गं.”

पुढे कोल्हापूरच्या एका परिषदेत, पंगतीत शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी श्रीखंड चाटत तिला गुरुमंत्र दिला. “अगं, पाहुणी ओळखायला शीक. आपलीच स्लाइड असते, चेहरा लपतोय होय? आणि ओळखली की पहिल्या पंगतीत जे वाढलं तेच दुसऱ्या पंगतीत वाढायचं. नवं काही रांधायचं नाही.”

तेजश्रीची नजर अशी, की लग्नात पाहिलेली साडी पाच वर्षांनी बोहारणीच्या गाठोड्यात ओळखेल. तिला ते लगेच जमलं. पेशींचा एखादा झुपका, डागाचा एखादा कोपरा दिसला, की ही आपली जुनी अमुकतमुक, उत्तर दोन, पुढची. पडताळा किती का फिरवेना! आकडा चढला, नव्वद, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. हॉल पुन्हा भरला. वर्धमानने पेढे वाटले आणि त्या लाल आकड्याखाली तिचा हसरा फोटो लावला.

आणि मग ती स्लाइड आली. थायरॉइडच्या रसात काचेच्या चुऱ्यासारखे चौकोनी स्फटिक चमकत होते. असे स्फटिक फार क्वचित दिसतात, आणि दिसले तर बहुधा साध्या गाठीत. वर्षापूर्वी तिने असेच पाहिले होते, खण दोन लिहिला होता, आणि तो बरोबरही होता. या वेळी मात्र रस आटलेला होता. पेशी दाटीवाटीने छोट्या छोट्या कड्या करून बसल्या होत्या. तिच्या डोळ्याने स्पष्ट सांगितलं: चार. पण ते स्फटिक बघून ती मनात हसली. ही तीच! लबाडाने भलताच कोपरा कापलाय. तिने दोन लिहिलं आणि पुढची स्लाइड घेतली.

ती पाहुणी नव्हती. ती सुवर्णा खराडेच होती. तीच बाई, तीच गाठ, वर्षानंतरची दुसरी सुई. एकाच गाठीतले स्फटिक एकसारखे दिसणार, यात नवल ते काय!

सकाळी वर्धमानचा वरून फोन आला, “तेजू, वस्तादांची बायको गेली,” तेव्हा तिने पडताळ्याकडून नावं उघडून घेतली आणि दोन्ही स्लाइडी पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. तेवढ्यात खुर्ची आली.

“तेजू!” वर्धमान जिन्याने धावत खाली आला. अंगावर ऑपरेशनचे हिरवे कपडे, छातीपासून मांडीपर्यंत सुवर्णाचं रक्त. त्याने तुटक्या काचेतून आत डोकावून बघितलं. “लागलं तुला? आतून कडी लाव. मी बोलतो त्यांच्याशी. बाहेर येऊ नकोस, काही झालं तरी.”

तिने कडी लावली. खरं सांगायचं तर लावायला तिला आवडलं.

वर्धमान हात जोडून हॉलच्या मध्ये उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत एकाने मागून लाथ घातली आणि तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्याने केस धरून तोंड वर केलं. मग महादेव वस्ताद पुढे झाले. पन्नाशीचा माणूस, मोडलेले कान, मांडीएवढी मान. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच जास्त भीतिदायक होतं.

“डाक्टर,” ते म्हणाले, “तिच्या गळ्याला रोज तेल लावत हुतो मी. गाठ माझ्या हाताला लागायची. रोज मोठी हुईत हुती. तुमाला दोनदा इचारलं का न्हाई? तुमी काय बोललासा?”

“घाबरू नका म्हणालो होतो.” वर्धमानच्या ओठातून रक्त येत होतं. “वस्ताद, रिपोर्ट चांगला होता. दोन्ही वेळा. थांबायचा निर्णय माझा.”

“रिपोर्टात चूक आसंल की.”

“नाही. रिपोर्टात चूक नाही.”

हे तो बायकोला पाठीशी घालायला बोलला नाही. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. तोही रोज येता-जाता तो आकडा बघत होता.

वस्तादांनी मान वर केली. भिंतीवर लाल दिवे जळत होते. सत्त्याण्णव. खाली तेजश्रीचा हसरा फोटो.

“बघा रं,” ते पोरांना म्हणाले, “बाईचं शंभरात सत्त्याण्णव. सरकार मोजतंय. बाई चुकणार न्हाई. म्हंजे कापतानाच ह्येनं मारली तिला. ह्या हातानं.” त्यांनी वर्धमानचा उजवा हात मनगटात धरला आणि काउंटरवर आडवा दाबला. “घट्ट धर रं सद्या.”

आग विझवायचं लाल नळकांडं भिंतीवरून उपटून एका गड्याने त्यांच्या हातात दिलं. वस्तादांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि खाली आणलं.

आवाज तेजश्रीने ऐकला. ओला लाकडी ढलपा मोडावा तसा. मग वर्धमान ओरडला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. काउंटरखालच्या शोभाताईंचा णमोकार थांबला.

तेजश्री कडी लावलेल्या दाराला पाठ लावून उभी राहिली. कोणी तिच्याकडे येत नव्हतं. कोणी येणारही नव्हतं, कारण बाहेर सत्त्याण्णव तिच्यावर पहारा देत होता. गप्प राहिलं की झालं. पोलीस येतील. वर्धमानचा हात कदाचित जुळेलही. असले हिशोब भित्र्या माणसाचं मन फार भराभर करतं, आणि तेजश्री त्या घडीला भित्रीच होती. तिला स्वतःची शिसारी आली, तरी हात कडीकडे जाईना.

नळकांडं दुसऱ्यांदा खाली आलं. या वेळी वर्धमान ओरडला नाही, नुसता कण्हला.

“आता डावा घ्या,” कोणीतरी म्हणालं.

तिने कडी काढली.

“सोडा त्यांना! त्यांची चूक नाही. माझी आहे. रिपोर्ट चुकीचा आहे, माझा रिपोर्ट!”

सगळे वळले. वस्तादांनी तिच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि मान हलवली. “बाई, आत जावा. नवऱ्यासाठी खोटं बोलताय, कळतंय आमाला. आमची आई-बहीण बी तेच करंल.”

“खोटं नाही हो! तो आकडा खोटा आहे.”

“आकडा सरकारचा हाय.”

आता काय करावं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत. आकड्यापुढे माणसाच्या शब्दाला कवडीची किंमत राहू नये, एवढा तो आकडा तिनेच चढवून ठेवला होता. सद्याने वर्धमानचा डावा हात काउंटरवर ओढला. तेजश्रीने झेप घेतली, वस्तादांचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि सगळा जोर लावून त्यांना तिच्या खोलीकडे ओढलं. एका गड्याने तिला वेणीला धरून मागे खेचलं. केसांचा पुंजका त्याच्या हातात राहिला, पण तिने सदरा सोडला नाही.

“फक्त बघा! दोन फोटो आहेत. बघा, मग माझे हात मोडा!”

वस्ताद तिच्यामागे आत आले, काचा तुडवत.

“ही सुवर्णाताईंची पहिली सुई,” ती धापा टाकत म्हणाली. “हा गुलाबी रस बघा. सगळीकडे रस, पेशी तुरळक. ही चांगली. आणि ही दुसरी. रस आटलाय. पेशी बघा, कड्या कड्या करून कशा दाटल्यात. ही चांगली नाही. हिला मी चौथ्या खणात टाकायला हवं होतं. तेव्हा यांनी ऑपरेशन केलं असतं आणि त्या वाचल्या असत्या.”

वस्ताद पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. “ह्ये तर येड्याला बी दिसंल. दोन्ही येगळी हाईत.”

“हो.”

“तुमाला दिसलं न्हाई?”

इथे खोटं बोलायला अजून जागा होती. दिसलं नाही म्हणाली असती, तर ती नुसती चूक ठरली असती.

“दिसलं होतं,” तेजश्री म्हणाली. “मला वाटलं ही परीक्षेची आहे. यंत्र आमच्या जुन्याच स्लाइडी फिरवून विचारतं. जुनं उत्तर आणि नवं उत्तर जुळलं की गुण मिळतात. म्हणून डोळ्याला दिसलं ते सोडलं आणि जुनंच उत्तर लिहिलं. गुण जाऊ नयेत म्हणून.”

वस्तादांना ते उमगायला वेळ लागला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “म्हंजे नुरा कुस्ती. निकाल आधीच ठरल्याला. लोकास्नी दाखवायला नुसती झोंबाझोंबी.” ते तिच्याकडे वळले. “आन त्यात माझी सुवर्णा गेली.”

त्यांनी पंजा तिच्या गळ्यावर ठेवला. आवळला नाही. अंगठा घाटीच्या खाली, डाव्या बाजूला टेकवला. “हितं हुती,” ते म्हणाले. “लिंबाएवढी. हितंच.” आणि मग त्याच हाताने त्यांनी तिच्या तोंडात मारली.

कुस्तीत उभा जन्म काढलेल्या माणसाचा हात तो. तेजश्री टेबलावरून उलटून काचांत पडली. तोंडात दातांचे तुकडे आले, कानात नुसती शिटी वाजत राहिली. तिला वाटलं, आता दुसरा येईल. ती वाट बघत पडून राहिली. दुसरा आला नाही. बाहेर मात्र धाड धाड आवाज सुरू झाला. वस्ताद नळकांड्याने भिंतीवरचा आकडा फोडत होते. लाल दिवे एकेक करून विझले, फोटो फाटून खाली आला, प्लास्टर निघून विटा दिसल्या, तरी ते थांबेनात. शेवटी पोरांनीच त्यांना कवेत घट्ट धरलं.

“वस्ताद, झालं. बास. आता काय करायचं सांगा.”

“काय करतोस आता?” वस्ताद काउंटरपाशी कोसळलेल्या वर्धमानकडे बघत होते. “चुकीच्या गड्याचा हात मोडला. आपून बी आकडाच बघितला की रं.” आणि मग तो एवढा मोठा माणूस जमिनीवर फतकल मारून लेकरासारखा रडायला लागला. पोलीस आले तेव्हा त्यांनी स्वतःच हात पुढे केले.

तेजश्री रांगत वर्धमानपर्यंत गेली. त्याचा उजवा हात हात राहिला नव्हता. बोटं कुठल्याही दिशेला वळली होती, पांढरं हाड बाहेर आलं होतं. तिने ओढणी काढून हळूच गुंडाळायला घेतली. त्याने हात मागे ओढला. इतक्या वेदनेतही ओढला.

“मी तिला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “माझ्या तोंडाने. घाबरू नका, म्हणालो होतो.”

“अहो...”

“किती वेळा, तेजू?”

फुटक्या काचेतून तिचं आतलं बोलणं त्याने सगळं ऐकलं होतं.

“पाहुणी समजून तू किती जणांना असं दोन लिहिलंस? त्यातल्या खरोखरच्या पाहुण्या किती? आणि माणसं किती?”

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवर चढवताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. शोभाताई त्याच्याबरोबर गेल्या.

हॉल रिकामा झाला. एक हवालदार दाराशी उभा होता, तो म्हणाला, “म्याडम, तुमीपण चला दवाखान्यात, तोंड बघा किती सुजलंय.” स्वतःच्याच दवाखान्यात बसलेल्या बाईला तो दवाखान्यात चला म्हणत होता. तेजश्रीने मानेनेच नाही म्हटलं आणि आपल्या खोलीत गेली.

कीबोर्ड मोडला होता, म्हणून तिने पडताळ्याला बोलूनच विचारलं. फुटलेल्या तोंडाने शब्द नीट फुटेनात. यंत्राला दोनदा कळलंच नाही. तिसऱ्यांदा तिने सावकाश, एकेक शब्द सोडवत विचारलं. ज्या स्लाइडी मी मोठ्या करून न बघता, क्षणात दोन लिहून पुढे ढकलल्या, त्या काढ. त्यांतल्या तू पाठवलेल्या पाहुण्या वगळ. उरलेल्यांची नावं दे.

पडताळ्याला राग नव्हता आणि आश्चर्यही नव्हतं. त्याने नावं दिली. पडद्यावर मावली नाहीत, खाली सरकवावी लागली.

तिने पहिल्या नावाचा फोन लावला. वाळव्याकडच्या कोणी वनिता मोहिते. पलीकडून आधी भांड्यांचा आवाज आला, मग एका बाईचा.

“कोण?”

“मी डॉक्टर तेजश्री शिरगुप्पे बोलतेय. तुमच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट मी दिला होता.”

“व्हय की बाई! साधी हाय म्हणालासा. देवासारखं झालं बघा. बोला की.”

तेजश्रीने तोंडातलं रक्त गिळलं. “तो रिपोर्ट मी न बघता लिहिला होता. गाठ साधी असेल, नसेलही. आजच या. सुई पुन्हा घालू, आणि या वेळी मी बघेन.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग फोन एका पुरुषाच्या हातात गेला. “कोण बोलतंय? काय म्हणालासा? न बघता लिवला?”

“हो. न बघता. तुम्हीही या त्यांच्याबरोबर. आणखी कोणाला आणायचं असेल तर त्यांनाही आणा.” तिने तुटलेल्या काचेतून रिकाम्या हॉलकडे बघितलं. “मी इथंच आहे. दार उघडंच आहे.”

तिने फोन ठेवला, आणि दुसऱ्या नावाचा लावला.